मिठाचा हात

दोलगोलमध्ये कुणाची पोरगी पळून गेली तर बोलणं आठ दिवस चालायचं. कुणाच्या घरचं जांग नासलं तर वर्षभर.

डोंगराच्या कुशीतलं हे गाव. वीसेक घरं, आणि प्रत्येक घराच्या मागं, ऊन सगळ्यात आधी पडतं त्या जागी, एक दगडी ओटा. ओट्यावर काळेभोर रांजण. सोयाबीन शिजवून कुटायचं, त्याच्या ढेपा थापून थंडीभर आढ्याला टांगायच्या, थंडी सरता सरता मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. दोनेक महिन्यांत पाणी काळं होतं, ते गाळून रश्श्यात घालायला. खाली राहतो तो लगदा आमटीला. दोन्हीचं नाव जांग, आणि दोन्ही नसतील तर भात कोरडाच गिळायचा. बाईची पारख व्हायची ती ह्यावरच. तोंड कसलंही असू दे, हात गोड पाहिजे.

मालसुनच्या सासरचा हात गावात नावाजलेला होता. सासू यांजी गावची लेक, म्हणून सगळे तिला यांजीची म्हातारी म्हणत. पाण्यात मीठ पुरेसं झालं का हे बघायला बाकीच्या बायका त्यात कोंबडीचं अंडं सोडत. अंड्याची टाळू नाण्याएवढी वर दिसली की मीठ पुरे. म्हातारीला हे हसू यायचं. "अंड्याला जीभ हाय व्हय?" म्हणायची, पाण्यात बोट बुडवून चाटायची, आणि आणखी एक ओंजळ टाकायची, नाहीतर "पुरे" म्हणून बाजूला व्हायची. तिचं कधी चुकलं नव्हतं.

मालसुन ह्या घरात आली त्याला वीसावर वर्षं झाली. तिची एकुलती लेक मिरान शहरात कापडाच्या गिरणीत लागली होती. लाकडं फोडणं, सोयाबीन शिजवणं, ढेपा थापणं, ऊन पडलं की रांजणांची झाकणं काढणं आणि आभाळ आलं की लावणं, हे सगळं मालसुनचं. मीठ तेवढं सासूचं. त्याला हात लाव असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात म्हातारी खालच्या बाजारगावी, लेकीकडं राहायला गेली आणि तिथं आजारी पडली. परत आली ती गालफडं बसलेली. काय झालं विचारलं तर "थंडी बाधली" एवढंच म्हणाली. पुढं मिठाचा दिवस आला, म्हातारीनं नेहमीसारखं बोट चाटलं, क्षणभर आभाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "पुरे."

वसंत सरला. ढेपा उपसायच्या दिवशी शेजारची ओक्चूची आई हात लावायला आली होती. मालसुननं झाकण उचललं आणि ती मागं सरली. पाण्यावर दुधाच्या सायीसारखा जाड थर होता, आणि वास ओल्या गोणपाटात मेलेल्या उंदराचा.

म्हातारीनं थर बोटानं बाजूला केला, बोट तोंडात घातलं. "बुरशी वरवरची हाय," ती म्हणाली. "खाली चांगलं झालंय."

ओक्चूच्या आईनं नाकाला फडकं लावलं. "अगं बाई! मावशी, काय म्हणताय? वास तरी बघा."

मालसुननं सासूकडं बघितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग एखाद्या झोपलेल्या माणसाला हाक ऐकू यावी तसं काहीतरी तिथं आलं, आणि लगेच गेलं. ती मालसुनकडं वळली.

"झाकणं कोण बघत हुतं?"

"मीच, आत्याबाई. पण पाऊस एकदाबी..."

"पावसाचं पाणी शिरल्याबिगर असं हुईल का? सांग की. तूच सांग."

म्हातारी बोट पुन्हा पुन्हा लुगड्याला पुसत राहिली. ओक्चूची आई ढेपा न उपसताच घरी गेली, आणि ती तिच्या दारात पोचायच्या आत बातमी वरच्या आळीला गेली होती.

तीन रांजण मालसुननं एकटीनं रिकामे केले. बादली भरायची, उतारावर नेऊन ओतायची, पुन्हा यायचं. वास हातांना, केसांना चिकटला. रांजणात वाकून पेंढ्यानं घासताना तिच्या पाठीत कळ भरायची. तशीच ती आत तोंड घालून थांबायची, कारण आत निदान कुणी बघत नव्हतं. गीतेक, तिचा नवरा, संध्याकाळी शेतावरून आला, ओट्यापाशी उभा राहिला. तो फार बोलणारा नव्हता.

"दुकानातनं आणू," तो म्हणाला. "मिळतं बाटलीत."

"ह्या घरात बाटली?" म्हातारी आतून ओरडली.

"मग काय ढेकळं खायची?"

बाटली आली. तिच्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. मालसुननं ती चुलीमागं, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली. पहिल्या दिवशी म्हातारीनं रश्श्याचा घोट घेतला आणि वाडगा खाली आपटला. "ह्याला काय चव हाय? गोड पाणी नुस्तं. घरच्याची सर येईल का ह्याला!" दोन दिवस तिनं भात नुसता पाण्यात कालवून खाल्ला.

आठवड्यात इनसुक आली. म्हातारीची ही बाजारगावी दिलेली धाकटी लेक. दर वर्षी ह्या दिवसांत डबा घेऊन यायची आणि माहेरचं जांग भरून न्यायची. तिच्या सासूला फक्त तेवढ्यापुरतं सुनेचं कौतुक होतं. रिकामे, उपडे घातलेले रांजण बघून ती डबा हातात घेऊनच उभी राहिली.

"आता मी कुठल्या तोंडानं परत जाऊ?" ती म्हणाली. "वैनी, वीस वर्षं झाली तुला हितं. एवढं झाकण लावायचं कळू नये?"

"इनसुक," म्हातारी म्हणाली.

"न्हाई आई, तू सांभाळून घेतीस म्हणून हे असं होतं. आमच्याकडं असतं तर..." ती पुढं बरंच बोलली. म्हातारी पायाच्या अंगठ्यानं जमीन खरडत बसली. मालसुन चूल फुंकत राहिली. धूर डोळ्यांत जात होता हे बरंच होतं.

भातलावणी आली. त्या गावात एकमेकांच्या लावणीला सगळे जातात, आणि ज्याची लावणी त्याच्या घरचं जेवण. यांजीच्या म्हातारीच्या घरचं जेवण म्हटलं की माणसं सकाळपासून वाट बघायची. मालसुननं पहाटेच उठून भात, वाळल्या माशांचा रस्सा, मुळ्याची पानं असं सगळं केलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि बांधाबांधानं शेतावर गेली. चिखलातून माणसं वर आली, पाय धुतले, गोल करून बसली.

म्हातारा गुवॉन गावातला सगळ्यात वडीलधारा. त्यानं चमचा तोंडात घातला आणि चमचा थोडा वेळ तोंडातच राहिला.

"दुकानातलं," तो म्हणाला. रागावून नव्हे; पाऊस येतोय म्हणावं तसं.

कुणी मान वर केली नाही. चमचे वाडग्यांना लागत राहिले. दर साली तीन वेळा मागून घेणारी माणसं एका वाडग्यावर उठली.

म्हातारीला ती शांतता सोसवली नाही. "सुनेच्या हातनं झालं," ती म्हणाली. "हुतं कुणाचंबी. शिकंल हळूहळू."

चाळिशी उलटलेली मालसुन भरलेलं पातेलं उचलून बांधावरून घरी निघाली. पातेलं येतानाइतकंच जड होतं. वाटेत ते कुठंतरी ओतून द्यावं असं तिच्या मनात आलं, पण अन्न होतं. ते तिनं दोन दिवस पुरवलं.

लावणी संपली आणि पावसानं मुक्काम ठोकला. एका दुपारी मालसुननं बटाटे घालून शेवयांचा रस्सा केला. अंग इतकं मोडून आलं होतं की बाटली हातात घेतली, ठेवली, आणि घातलं की नाही हे तिचं तिला आठवेना. तिनं सासूला वाढलं, नवऱ्याला वाढलं.

म्हातारीनं दोन घोट घेतले. मान डोलावली. "आज मीठ बेताचं हाय. असं करत जा."

गीतेकनं एक घोट घेतला आणि मुकाट्यानं मिठाचं भांडं पुढं ओढलं.

मालसुननं आपल्या वाडग्यातलं चाखलं. अळणी होतं. नुसतं गरम पाणी. ती सासूकडं बघत राहिली. म्हातारी मन लावून खात होती, शेवया ओढताना तिच्या ओठांचा आवाज होत होता, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

दुसऱ्या दिवशी मालसुननं एक गोष्ट केली, जिची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटली. नवरा बांध बघायला गेला होता. तिनं सासूच्या एकटीच्या वाडग्यात मूठभर मीठ ढवळलं आणि तो पुढं ठेवला. म्हातारीनं वाडगा पुसून घेतला. "चांगलं झालंय," म्हणाली. मग सबंध दुपार ती पाणी पीत राहिली. डेऱ्यापाशी जायची, प्यायची, येऊन बसायची, पुन्हा उठायची. "काय की बाई, घशाला सारखी कोरड पडतीया." तिसऱ्यांदा मालसुननंच पाणी भरून आणून तिच्या हातात दिलं. तिला सासूच्या डोळ्यांकडं बघवलं नाही.

आता तिला कळलं होतं. गावात सांगितलं असतं तर एका दिवसात तिच्या माथ्यावरचं खापर उतरलं असतं. विहिरीवर ओक्चूची आई भेटायची, रोजच्यासारखी आडून बोलायची, "बघ बाई, पाऊस यायलाय, तुझी झाकणं..." आणि हसायची. शब्द मालसुनच्या जिभेवर यायचा. ती बादली भरायची आणि निघायची. आपण का बोलत नाही हे तिला नीट सांगता आलं नसतं. ती पाणी पिणारी म्हातारी डोळ्यांपुढं यायची, एवढंच. आणि कधी कधी रागही यायचा, इतका की कणीक ती आपटून आपटून मळायची. म्हातारीला तर सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं विचारलं होतं, झाकणं कोण बघत हुतं.

पाऊस सरला. सोयाबीन कापलं, झोडपलं. ह्या वर्षी दाणा टपोरा आला. पहिलं कडक दव पडल्यावर परसातल्या मोठ्या लोखंडी कढईत सोयाबीन शिजायला घातलं. सकाळपासून जाळ घालून दुपारी दाणा बोटात चेपला की लोणी व्हावं असा झाला. उखळात घालून दोघी सासू-सुना समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. वाफेनं दोघींचे चेहरे ओले झाले होते.

"आत्याबाई," मालसुन म्हणाली, "तुमाला चव कळत न्हाई."

म्हातारीचं मुसळ थांबलं नाही. खाली आलं, वर गेलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. पावसात मी अळणी रस्सा वाढला. तुमी मीठ बेताचं म्हणालात."

"म्हणाले आसंल. माणूस म्हणतंय काहीबाही."

"दुसऱ्या दिवशी मूठभर मीठ घातलं. मुद्दाम घातलं."

आता मुसळ थांबलं.

"मला तहान लागत हुती," म्हातारी म्हणाली. "सारखी."

"व्हय."

"कैदाशीण हायस तू."

"व्हय."

म्हातारी मुसळाला टेकून उभी राहिली. उखळातल्या वाफेकडं बघत बोलू लागली तेव्हा तिचा आवाज एकदम साधा होता. "इनसुकच्या घरी खोलीच्या जमिनीखाली कोळशाच्या विटा जाळून जमीन तापवत्यात. जमिनीला फट पडली हुती. तिच्या नवऱ्यानं दोनदा सांगितलं, लिंपून घे म्हणून. तिनं आज करू, उद्या करू केलं. धूर आत आला. सकाळी मला शुद्ध न्हवती. आंबवलेल्या मुळ्याच्या किमचीचं पाणी पाजून पाजून उठवलं म्हणं. उठले, तर त्या पाण्याचा आंबूसपणाबी कळंना. मला वाटलं, येईल चार दिवसांत. वासबी गेला. भात करपला तरी कळत न्हाई आता."

"मग बोलायचं न्हाई का?"

"कसं बोलू? तिला पोर न्हाई, बाळ न्हाई. सासू टपून बसलीया. आईला मारत हुती असा बोभाटा झाला आसता. टिकली आसती का ती त्या घरात?"

"म्हणून माझा बोभाटा केलात."

"तुला कोण हाकलणार हाय? तू रुजलीस हितं." म्हातारीनं डोळे पुसले, घाम पुसावा तसे. "आणि तिची आई हाय मी."

"आणि माझी?" मालसुन म्हणाली. "माझी कोण हाय हितं?"

परसात कढईखालची लाकडं तडतडत होती. थोड्या वेळानं मालसुननंच मुसळ उचललं आणि कांडायला लागली. मग म्हातारीनंही उचललं. दोघींनी संध्याकाळपर्यंत ढेपा थापल्या आणि कडा हातानं चोपून सारख्या केल्या. पेंढ्याच्या दोरीनं शेवटची ढेप आढ्याला बांधताना म्हातारीनं खालून विचारलं, "मिठाच्या दिवशी मी काय करू?"

मालसुन शिडीवर उभी होती. तिनं गाठ ओढून घट्ट केली.

"बोट चाटा नेहमीसारखं. मीठ पुरलं असंल तर मी डोक्याचं फडकं सारखं करीन. मग पुरे म्हणा."

थंडीभर ढेपा वाळल्या, भेगाळल्या, त्यांच्यावर राखाडी-पिवळी बुरशी नीट धरली. मिठाचा दिवस आला तेव्हा डोंगराच्या सावलीत अजून बर्फाचे ठिपके होते. ओक्चूची आई आली, वरच्या आळीच्या दोघी आल्या. कुणी मदतीला, कुणी बघायला. इनसुकही आली. ओट्यावर पाऊल ठेवताच म्हणाली, "वैनी, ह्या साली झाकणांचं तेवढं मनावर घे."

मालसुननं सकाळीच, कुणी यायच्या आधी, पाण्यात अंडं सोडून बघितलं होतं. टाळू वर आली होती. मीठ पुरेसं होतं. ढेपा धुऊन रांजणात रचल्या. म्हातारी पुढं झाली, तिनं मिठाच्या पाण्याच्या घंगाळात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. बायका वाकून बघू लागल्या.

मालसुननं डोक्याचं फडकं सारखं केलं.

म्हातारीनं ते बघितलं. मालसुनला दिसलं की तिनं बघितलं. पण ती 'पुरे' म्हणाली नाही. बोट तोंडातच होतं, लहान पोरासारखं. मग तिनं ते काढलं.

"मला कळत न्हाई," ती म्हणाली.

"काय कळत न्हाई?" ओक्चूच्या आईनं विचारलं.

"खारट का अळणी. गेल्या सालीबी कळलं न्हाई. मीठ कमी पडलं ते माझ्या हातनं. झाकणं हिनं नीट लावली हुती. पावसाचा थेंब आत गेला न्हवता." एका दमात म्हणून ती थांबली, आणि मग ओट्यावरच्या प्रत्येकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी हिच्यावर ढकललं."

वरच्या आळीच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. इनसुकच्या हातातली परात कलली. "आई, कधीपासनं?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा रंग उतरत गेला. "आई, आमच्याकडं त्या थंडीत..."

"वय झालं," म्हातारी म्हणाली.

"पण आई, तो..."

"वय झालं म्हटलं न्हवं! सत्तरीत काय जीभ पोरीसारखी राहती?"

ओक्चूची आई मालसुनकडं वळली. आता हिच्याकडून काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून तिचे डोळे चमकत होते. "मिरानच्या आई, तुला ठाऊक हुतं का गं हे?"

इनसुक मालसुनकडं बघत होती. म्हातारी बघत नव्हती.

"ऊन वर आलंय," मालसुन म्हणाली. "बोलत बसलो तर ढेपा तापतील. तेवढं पाणी उचलू लागा."

"मिठाचं आधी बघ," म्हातारी म्हणाली, आणि घंगाळापासून बाजूला सरली. "आता तूच बघायचं."

मालसुननं बोट बुडवलं. अंड्यानं सकाळीच कौल दिला होता. तरी तिनं बोट जिभेवर ठेवलं. खारट होतं. पुरेसं होतं. पण तिला ते वासाचे रांजण आठवले, ती बादली, तो उतार, आणि तिनं गोणीत हात घालून आणखी एक ओंजळ भरून टाकली. मग पाणी ओतलं, रीतीप्रमाणं वर लाल मिरच्या आणि पेटता निखारा टाकला. निखारा चर्रर्र करून विझला.

बायका गेल्यावर इनसुक परसात भांडी घासत बसली. तिचे खांदे हलत होते. मालसुन राखेचं भांडं घेऊन आली तशी ती वर न बघता म्हणाली, "वैनी, मी तुला काय काय बोलले."

"बोललीस खरी," मालसुन म्हणाली. तिच्याशेजारी बसून तिनं दुसरी कढई ओढली. "कानाकोपऱ्यात नीट घास. तितं मीठ राहतंय."

थोडा वेळ दोघी घासत राहिल्या.

"घरी गेलीस की आधी ती फट लिंप," मालसुन म्हणाली.

"लिंपली त्याच दिवशी," इनसुक म्हणाली आणि हुंदका आवरेना म्हणून तिनं तोंड दंडात खुपसलं.

त्या वसंतात मालसुन झाकणांपाशीच जगली म्हटलं तरी चालेल. ढगाचा तुकडा दिसला की खुरपं टाकून धावायची. गीतेक म्हणायचा, "खाट नेऊन टाक तिकडं." म्हातारी ओट्याच्या पायरीवर बसून राहायची. तिला वास येत नव्हता, पण बसायची.

उपसायच्या दिवशी पाणी काळं, स्वच्छ होतं. वाकून बघितलं तर त्यात आपलं तोंड दिसावं असं. ओक्चूची आई वाकली, हुंगली आणि म्हणाली, "झालं बाई." एवढंच म्हणाली, पण घरी जाताना वाडगाभर मागून नेलं. मालसुननं रस गाळला, उकळला, थंड केला. मग पळीच्या टोकाला थोडा घेऊन तिनं तो जिभेवर ठेवला.

म्हातारी पायरीवरून उठून आली होती. "कसं झालंय?"

"झालंय चांगलं."

"चांगलं मंजे कसं? सांग की नीट. मला काय कळायचं हाय?"

मालसुनला असलं बोलता यायचं नाही. तिनं पुन्हा थोडं चाखलं आणि डोळे मिटून थांबली. "आधी खारट लागतंय. मग भाजल्या सोयाबीनसारखं. गिळल्यावर मागं थोडं गोड राहतंय."

"गोड मागं राहतंय ना? पुढं न्हाई?"

"मागं."

"मग बरोबर," म्हातारी म्हणाली. तिचा गळा हलला, जणू तिनंच घोट गिळला. "माझ्यासारखं झालंय?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि म्हातारीला ते कधी कळलं नसतं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यापरीस खारट हाय."

म्हातारीनं तिच्या हातातून पळी घेतली, उरलेला थेंब चाटला, आणि काहीच न लागणाऱ्या त्या थेंबावर बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"आसू दे," ती म्हणाली. "ह्या घरात आता खारटच खायचं."